आधी नेटवर्क, मग उद्घाटन

प्रति,
मुंबई महानगरात लोकल, मेट्रो आणि बस चालवणाऱ्या संस्थांचे प्रमुख,
मोबाइल कंपन्यांचे प्रमुख,
आणि केंद्राच्या दूरसंचार विभागातले अधिकारी यांस,



हे पत्र तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे, कारण एकेकट्याला विचारले की उत्तर पुढच्या दारावर पाठवले जाते. गाडी चालवणारे म्हणतात, मोबाइल कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आम्हाला जागा मिळत नाही. जागा ज्यांची आहे ते म्हणतात, त्याची निविदा झाली आहे. आणि ज्यांनी नियम केले ते म्हणतात, अंमलबजावणी स्थानिक पातळीवरची आहे. या चार दारांच्या मध्ये प्रवासी उभा असतो. त्याने तिकिटाचे पैसे एकाला दिलेले असतात आणि रिचार्जचे दुसऱ्याला. दोघांनीही ते आगाऊ घेतलेले असतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईचा प्रवास तुम्ही फोनवर नेलात. २०१५ साली लोकलचे कागदविरहित तिकीट मोबाइलवर आले. २०२२ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचे तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर मिळू लागले. बेस्टची बस कुठे आली हे ‘चलो’ अ‍ॅपवर दिसते. १ जुलै २०२५ ला रेल्वेचे ‘रेलवन’ अ‍ॅप आले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला ११ वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र देणारे ‘मुंबई वन’. हे चांगलेच झाले. तिकीट खिडकीपुढच्या रांगेत गाडी डोळ्यांदेखत सुटून गेल्याचा अनुभव या शहरात कुणाला नाही? ती रांग कमी झाली, सुट्ट्या पैशांची वादावादी कमी झाली. पण प्रवास फोनवर नेला की फोन चालता ठेवणे हाही त्या प्रवासाचाच भाग होतो. डब्यातले दिवे, फलाटावरचे पाणी आणि इंडिकेटर यांची जबाबदारी कुणाची, हे कधी प्रवाशाला विचारावे लागत नाही. नेटवर्कचे मात्र तसे नाही. ते आजही वरकड सोय समजले जाते. झाली तर झाली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मेट्रो ३ चे आहे. आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, त्यांतली २६ जमिनीखाली. सीप्झ, विमानतळ, बीकेसी, दादर, वरळी, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, चर्चगेट, विधान भवन. ज्या गिरगाव-काळबादेवीत जमिनीवर हातगाडी वळवायला जागा नाही, त्यांच्या पोटातून हा मार्ग काढला गेला. चाळीच्या चाळी वर जिवंत ठेवून खाली बोगदा खणणाऱ्या अभियंत्यांबद्दल आणि कामगारांबद्दल मला मनापासून आदर आहे. हा मार्ग तीन टप्प्यांत उघडला : ऑक्टोबर २०२४, मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५. पहिल्या टप्प्यापासूनच प्रवाशांची तक्रार होती ती खाली मोबाइल चालत नसल्याची. वर्षभराने शेवटचा टप्पा उघडला तेव्हाही बहुसंख्य प्रवाशांचे फोन सरकत्या जिन्यावरून खाली जाता जाता मुके होत होते. पूर्ण मार्ग सुरू होण्याच्या दिवशीच ‘मुंबई वन’चेही उद्घाटन झाले. तिकीट फोनवर काढा असे सांगणारी व्यवस्था आणि फोन चालणार नाही असा बोगदा, एकाच दिवशी लोकांच्या हाती आले.

या मुकेपणामागे एक वाद होता. तो कसला, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवे. जमिनीखाली बाहेरच्या टॉवरचा सिग्नल पोचत नाही. माती आणि काँक्रीट तो शोषून घेतात. म्हणून स्थानकांत छोटे अँटेना लावावे लागतात आणि बोगद्याच्या भिंतीवरून एक खास केबल न्यावी लागते. तिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर चिरा असतात, त्यांतून सिग्नल बाहेर झिरपतो आणि धावत्या डब्यातल्या फोनपर्यंत जातो. हे सामान उभारून सगळ्या कंपन्यांना भाड्याने द्यावे यासाठी मेट्रो महामंडळाने निविदा काढून एक सामायिक पुरवठादार नेमला. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने म्हटले, हे भाडे अवाच्या सवा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आम्हाला मार्गाधिकार, म्हणजे सार्वजनिक जागेतून जाळे नेण्याचा हक्क, दिला आहे, आमचे जाळे आम्हालाच टाकू द्या. महामंडळाने म्हटले, रीतसर प्रक्रियेतून व्यवस्था ठरली आहे. पत्रे गेली, पत्रे आली. गाड्या धावत राहिल्या.

कोणाचा दर बरोबर, हे ठरवायला मी बसलेले नाही. सामायिक पुरवठादाराची पद्धत मुळात वाईट नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत २०२१ पासून वीस वर्षांच्या करारावर नेमके तेच चालले आहे : एकाने जाळे टाकायचे, सगळ्या कंपन्यांनी ते वापरायचे. आपल्याकडे दिल्लीचा पहिला भुयारी टप्पा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि दिल्लीकर बोगद्यातून बोलत प्रवास करतात, ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोलकात्यात मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीच्या पात्राखालून मेट्रो धावू लागली. तिथे नदीखालीही मोबाइल चालावा अशी सोय केली गेली. म्हणजे तंत्र माहीत आहे, सामान मिळते, ते लावणारे लोक देशात आहेत. अडले ते फक्त पैशांच्या बोलणीवर. ही बोलणी आज ना उद्या मिटतातच. माझा प्रश्न एवढाच आहे की ती उद्घाटनाच्या आधी का मिटत नाहीत? मार्ग सुरू करण्यापूर्वी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त रूळ, सिग्नल, आग विझवण्याची यंत्रणा, धूर बाहेर काढणारे पंखे असे सगळे तपासतात. त्यांचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत गाडीत प्रवासी चढत नाही. त्या तपासणीत एक ओळ वाढवायला हवी : प्रत्येक स्थानकात, प्रत्येक बोगद्यात, सर्व कंपन्यांच्या फोनवरून बोलता येते का आणि संदेश जातो का. नसेल येत, तर मार्ग उघडू नये. ही अट ठाऊक असती तर दोन्ही बाजू टेबलावर किती लवकर बसल्या असत्या याची कल्पना करा. उद्घाटनाची तारीख जवळ आली की या शहरात अशक्य वाटणारी कामे रातोरात होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

काही जण म्हणतात, तासाभराचा तर प्रवास. तेवढा वेळ फोनशिवाय राहिले तर काय बिघडते? उलट शांतता मिळेल. ज्याला शांतता हवी त्याने फोन बंद करावा, तो हक्क त्याचा आहे. पण रात्री साडेदहाला बीकेसीतले कार्यालय सोडून निघालेल्या मुलीचा विचार करा. घरच्यांना तिने आपले चालते ठिकाण फोनवर दिसेल असे ठेवलेले असते. आईच्या फोनवर एक ठिपका हळूहळू घराकडे सरकत असतो. तो ठिपका ती जमिनीखालच्या स्थानकात उतरल्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. आईला बोगदा माहीत नाही, मार्गाधिकार माहीत नाही, भाड्याचा वाद माहीत नाही. तिला फक्त थांबलेला ठिपका दिसतो. या शहरात लाखो बायका नोकरीसाठी उशिरापर्यंत बाहेर राहू शकतात त्याला जी अनेक कारणे आहेत, त्यांत ‘निघाले’, ‘दादरला आहे’, ‘पोचले’ हे तीन संदेशही आहेत. लोकलच्या महिला डब्यात संध्याकाळी एकदा कान देऊन बघा. निम्मे फोन घरी लागलेले असतात : गॅस बंद केला का, शिकवणीला गेला का, आजीने गोळी घेतली का. घरकाम करणाऱ्या बाईला पुढच्या घरचा निरोप त्याच प्रवासात येतो. आज येऊ नका, किंवा अर्धा तास आधी या. रुग्णालयात शिकाऊ असलेल्या मुलीला कामाची पाळी बदलल्याचे गाडीतच कळते. सामान घरपोच करणाऱ्या मुलाचा फोन तासभर बंद राहिला तर त्याची तेवढी कमाई बुडते.

आणि संकट आले तर? १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात मोनोरेल म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये अडकली. वीज गेली, गारवा गेला, बंद खिडक्यांच्या डब्यांत पाचशेहून अधिक माणसे घुसमटत राहिली. आतल्या लोकांनी फोन करून मदत मागितली, महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवले, आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून त्यांना उतरवले. मोनोरेलचा मार्ग उंच खांबांवर आहे, तिथे फोन लागत होते. त्याच वर्षी २६ मे रोजी आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी स्थानकात पावसाचे पाणी घुसले होते. ते स्थानक उघडून जेमतेम पंधरवडा झाला होता. या दोन घटना एकाच संध्याकाळी, एकाच बोगद्यात घडल्या तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. गाडीत चालकाशी बोलण्याचे बटण असते, ते मला माहीत आहे. ते असायलाच हवे. पण शेकडो माणसे एका बटणावर सोडता येत नाहीत. कुणाला दम्याचा त्रास सुरू झालेला असतो, कुणाचे मूल दुसऱ्या डब्यात असते, कुणाला डॉक्टरशी बोलायचे असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली, मोबाइल बंद पडले, आणि घरची माणसे कुठे आहेत हे न कळता लाखो घरांनी ती रात्र काढली. ज्यांनी ती रात्र काढली त्यांना फोन लागणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी रुळांलगतच्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते, ती शेवटची कधी तपासली, हे मोबाइल कंपन्यांनी जाहीर करावे. हा व्यापारातला गुपिताचा विषय नाही.

जमिनीवरचे दुखणे वेगळे आहे. तिथे नेटवर्क असते, पण गर्दीच्या वेळी ते कामाला येत नाही. सकाळी दादरच्या पुलावर फोनवर सगळ्या रेघा दिसतात आणि तिकिटाचे पान उघडत नाही. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसे असतात. अशा दोन-तीन गाड्या एकदम फलाटाला लागल्या की तेवढे सगळे फोन एका टॉवरकडे हात पसरतात. गाडी सुटली की हजारो फोन एकाच क्षणी पुढच्या टॉवरवर उडी मारतात. वातानुकूलित लोकलमध्ये धातूची बंद पेटी आणि जाड काच यांमुळे सिग्नल आणखी अशक्त होतो. याला उपाय आहे : फलाटांच्या छपरांवर, पादचारी पुलांवर, दिव्यांच्या खांबांवर कमी ताकदीचे छोटे टॉवर बसवणे. रस्त्यावरचे खांब त्यासाठी वापरू देण्याची तरतूद १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांत आहे. रेल्वेकडे खांबांची वाण नाही. कुर्ला, दादर, ठाणे, अंधेरी, घाटकोपर या स्थानकांपासून सुरुवात करायला कुणाची हरकत आहे?

दूरसंचार नियामक प्राधिकरण मोटारीत यंत्रे ठेवून शहरोशहरी सिग्नल मोजते, निकाल प्रसिद्ध करते. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर ठेवावेत असाही नियम आता आहे. पण तो नकाशा शहराकडे वरून पाहतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. त्या प्रवाशाला सकाळी साडेआठच्या कल्याण लोकलमध्ये काय मिळते, ते त्या नकाशात दिसत नाही. मोजणी त्या गाडीत करा, त्या वेळी करा, आणि दर तीन महिन्यांनी स्थानकावर फलक लावून सांगा. रेल्वेच्या वक्तशीरपणाचे आकडे निघतात, तसे हेही निघावेत.

नेटवर्क नसेल तिथे पर्याय वायफायचा. त्याचा इतिहास मी थोडक्यात आटोपते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेल यांनी मिळून देशातले पहिले असे मोफत स्थानक-वायफाय सुरू केले. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने ५०० ठिकाणी मुंबई वायफाय सुरू केले आणि १ मेपर्यंत १२०० चे उद्दिष्ट सांगितले. २०२० मध्ये डेटा स्वस्त झाल्याचे कारण देऊन गूगल बाहेर पडले. रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली, हे त्यांचे श्रेय. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत देशात १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे लक्ष्य होते. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली : किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही परवान्याशिवाय वायफाय विकू शकेल, पूर्वीच्या पीसीओसारखे. योजना उत्तम आहे. जून २०२५ मध्ये नियामकाने या छोट्या विक्रेत्यांसाठी ब्रॉडबँडच्या दरावर मर्यादाही घातली. आता ही योजना फलाटावरच्या स्टॉलपर्यंत आणि बेस्टच्या आगारापर्यंत न्यायची जबाबदारी कुणीतरी नावानिशी घ्यायला हवी.

मात्र या सगळ्या वायफायला एक गाठ आहे, ती सोडवा. आत शिरायला मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि त्यावर ओटीपी येतो. ज्याचे नेटवर्क गेले म्हणून तो वायफाय शोधतो आहे, त्यालाच नेटवर्कवरून येणारा ओटीपी मागितला जातो. भूमिगत स्थानकात तर ही अडवणूकच होते. सुरक्षेसाठी ओळख हवी, मान्य. मग एकदा केलेली नोंदणी सगळ्या स्थानकांवर चालू द्या, किंवा तिकिटाच्या क्रमांकावर जोडणी द्या. मेट्रो ३ च्या स्थानकांत तिकीट काढता यावे म्हणून मोफत वायफाय पुरवले गेले, यातूनच एक गोष्ट मान्य झाली आहे : जोडणीशिवाय प्रवास अडतो. ती मान्यता तिकिटाच्या गेटपाशी संपू नये.

आता ज्यांच्याकडे डेटाच नाही त्यांच्याविषयी. मला या पत्रात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकाने कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणे बंधनकारक केले, कारण ज्येष्ठ नागरिक आणि बटणांचे फोन वापरणारे असंख्य लोक न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होते. म्हणजे दूरसंचार खात्याच्या हिशेबात असे लोक आहेत. मग वाहतुकीच्या हिशेबातून ते का गळावेत? गावाहून टाटा रुग्णालयात तपासणीला आलेले जोडपे, नातवाच्या जुन्या फोनवर दिवस काढणारे आजोबा, महिनाअखेरीस रिचार्ज संपलेला वॉचमन. लोकलचे मोबाइल तिकीट निघायला डेटा लागतो, जीपीएस लागते, पैसे भरणारे अ‍ॅप चालावे लागते, आणि शिवाय तुम्ही रुळांपासून ठरावीक अंतरावर उभे असावे लागते. यांतले एक जरी बिनसले तरी खिडकीच गाठावी लागते. म्हणून खिडक्या कमी करू नका. जिथे केल्या आहेत तिथे पुन्हा उघडा. एटीव्हीएम, म्हणजे स्वयंचलित तिकीट यंत्रे, चालू ठेवा, त्यांच्याशेजारी मदतीला माणूस ठेवा.

आणि ज्या गोष्टीला नेट लागतच नाही तिचा प्रसार करा. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय सामायिक कार्ड, म्हणजे एनसीएमसी, नेमके यासाठी आहे. शिल्लक रक्कम कार्डाच्या चिपमध्येच असते, त्यामुळे गेटवर टेकवताना फोनही लागत नाही आणि नेटवर्कही नाही. मेट्रोत आणि बेस्टमध्ये ते चालते. पण फोनवरच्या तिकिटांच्या जाहिराती जितक्या दिसतात त्याच्या एक दशांशही या कार्डाच्या दिसत नाहीत. लोकलचा मासिक पास त्याला जोडा. रेशन दुकानात, टपाल कार्यालयात ते मिळू द्या. फोनवर घेतलेले तिकीट एकदा उतरले की प्रवास संपेपर्यंत ते नेटशिवाय उघडेल, हेही प्रत्येक अ‍ॅपला सक्तीचे करा, म्हणजे तपासनिसासमोर फिरणारे चक्र बघत कुणाला घाम फुटणार नाही.

मोबाइल कंपन्यांना एक वेगळा शब्द. जुलै २०२४ मध्ये तुमच्यातल्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि ग्राहकांनी ते भरले. त्या बिलात ‘बोगदा वगळून’ अशी अट नव्हती. मेट्रोच्या दरावरून तुमचा वाद खरा असेल, पण वाद चालू असताना सेवा द्या आणि हिशेब लवादापुढे नंतर करा. महामंडळांनाही तेच सांगणे आहे. दोघांनीही मूळ करार, मागितलेला दर आणि देऊ केलेला दर लोकांपुढे ठेवावा. हा पैसा शेवटी आमच्याच तिकिटातून आणि रिचार्जमधून जाणार आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची आहे. मुंबई आता जमिनीखाली वाढते आहे. ठाणे-बोरिवलीचा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो आहे. गोरेगाव-मुलुंडचा आहे, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्हचा आहे. बीकेसीपासून शिळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली. यांपैकी एकही अजून प्रवाशांसाठी उघडलेला नाही, म्हणजे वेळ हातात आहे. प्रत्येक प्रकल्पाबाबत आम्हाला तीन गोष्टी लेखी कळवा : बोगद्यात मोबाइल जाळे टाकण्याचे काम कोणाकडे आहे, कंपन्यांशी दर कोणत्या तारखेपर्यंत ठरणार आहे, आणि तो ठरला नाही तर मार्ग उघडणार की थांबणार. उत्तर संकेतस्थळावर ठेवा, आणि बांधकामाच्या पत्र्यांवर मराठीत लावा. तिथून रोज जाणारे लोक ते वाचतील.

आपली,
मुंबईची एक रोजची प्रवासी